संत्र्याच्या पेट्या आणि उघडी दारं: छोट्या टीमनं आपलं एपीआय कसं बंदोबस्तात ठेवावं

नोव्हेंबरातली गोष्ट. आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना मार्केटात उतरत होती आणि आमच्या एका गिऱ्हाइकाचं घरपोच पेट्या विकायचं अ‍ॅप जोरात चाललं होतं. रविवारी पहाटे पावणेसहाला ज्युनियरचा फोन. "ताई, ओटीपीचे एसएमएस जाऊन राहिले, थांबूनच नाही राहिले." ऑर्डर मात्र एकही नव्हती. मी लॅपटॉप उघडेपर्यंत महिन्याभराचा एसएमएस बॅलन्स संपला होता. खऱ्या गिऱ्हाइकांना लॉगिनचा ओटीपी येईना, त्यामुळे हंगामातला रविवार कोरडा गेला. दहा वाजता मालकांनी फोन करून एकच प्रश्न विचारला, "मॅडम, पैसे गेले कुठं?"

कुणी काही फोडलं नव्हतं. पासवर्डही चोरीला गेला नव्हता. 'या नंबरवर ओटीपी पाठव' हे ऐकणारा एंडपॉइंट (अ‍ॅप ज्यातून सर्व्हरशी बोलतं त्या एपीआयचं एक दार) आम्हीच लिहिला होता आणि तो बिचारा सांगितलेलं काम इमानदारीनं करत होता. 'पुन्हा पाठवा' हे बटण दाबलं की ३० सेकंद बंद राहायचं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण ते बटण अ‍ॅपमध्ये होतं, आणि रिक्वेस्टी, म्हणजे सर्व्हरला मागण्या, पाठवणाऱ्यानं अ‍ॅप उघडलंच नव्हतं.

सर्व्हरला अ‍ॅप दिसत नाही, त्याला फक्त रिक्वेस्ट दिसते. ती तुमच्या अ‍ॅपनं पाठवली, कुणी पोस्टमन या टेस्टिंगच्या साधनातून पाठवली की रात्रभर चालणाऱ्या दहा ओळींच्या स्क्रिप्टनं, हे त्याला कळायला मार्ग नसतो. अ‍ॅपमधली तपासणी गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी ठेवायची आणि बंदोबस्त सर्व्हरवर करायचा. त्या रविवारनंतर आम्ही हे काम ज्या क्रमानं केलं, साधारण त्याच क्रमानं खाली लिहिते. परसोडीच्या आयटी पार्कात असो की धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये, दोन-चार जणांच्या टीमला वेगळा सिक्युरिटीवाला परवडत नाही, असं धरूनच लिहिलं आहे. तुमचं एपीआय नोडमध्ये आहे, लाराव्हेलमध्ये की जँगोत, यानं फारसा फरक पडत नाही.

१. आधी दारं मोजा

जे दार आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, त्याला कुलूप कसं लावणार? आमच्याकडे एपीआयची यादी एका वहीत होती आणि वहीत ३१ एंडपॉइंट होते. फ्रेमवर्कला (कोडच्या तयार सांगाड्याला) सगळे राउट, म्हणजे एंडपॉइंटचे पत्ते, छापायला सांगितलं तेव्हा ४७ निघाले. वहीत नसलेल्या सोळांत काय होतं? जुन्या अ‍ॅपसाठी ठेवलेली व्ही-वन आवृत्ती, एका इंटर्ननं टेस्टिंगसाठी केलेला 'सगळे युझर दाखव' आणि कधीच न वापरलेला एक्सेल एक्स्पोर्ट.

राउटची यादी काढा आणि तिच्याशेजारी एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमधले गेल्या महिन्याभरातले पत्ते मांडा. यादीत आहे पण लॉगमध्ये नाही, असा एंडपॉइंट बहुधा काढून टाकता येतो. लॉगमध्ये आहे पण यादीत नाही, असा दिसला तर तिथं दुसराच कुठला तरी सर्व्हर जिवंत आहे. मग सबडोमेन तपासा: स्टेजिंग (चाचणीचा सर्व्हर), डेमो, जुनं अ‍ॅडमिन पॅनल. स्टेजिंगवर खऱ्या गिऱ्हाइकांच्या डेटाची कॉपी असेल तर ते स्टेजिंग नव्हे, कमी पहाऱ्याचं प्रॉडक्शन, म्हणजे खरा चालू सर्व्हरच. स्वॅगरचं, म्हणजे एपीआयची माहिती देणारं, पान जगाला उघडं असेल तर तेही लॉगिनच्या आत घ्या.

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून मागे पडतं. ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस या टेलिकॉम कंपनीतून सप्टेंबर २०२२ मध्ये ९० लाखांहून जास्त लोकांची माहिती गेली. तिथल्या नियामकानं न्यायालयात मांडलेलं म्हणणं वाचण्यासारखं आहे: एपीआयच्या प्रवेश-तपासणीतली कोडिंगची चूक कंपनीनं २०२१ मध्ये मुख्य डोमेनवर दुरुस्त केली होती, पण वापरात नसलेल्या दुसऱ्या डोमेनवर ती तशीच राहिली. ते दार कुणाच्या मोजणीतच नव्हतं.

२. वाहतूक आणि पोर्ट

हे अर्ध्या दिवसाचं काम. टीएलएस, म्हणजे वाटेतली माहिती गुप्त ठेवणारी पद्धत, १.२ च्या खालची सगळी बंद करा, १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्येच अधिकृतपणे मोडीत निघाल्या. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, ते आपोआप नवं होतंय ना एवढं बघा. एक बारकावा मात्र सुटतो. वेबसाइटसाठी साध्या एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर वळवणं ठीक असतं. एपीआयला तसं वळवलं तर पहिली रिक्वेस्ट टोकनासकट (लॉगिननंतर मिळणाऱ्या पासासकट) उघड्यावरून जाऊन आलेली असते. एपीआयच्या डोमेनवर ८० नंबरचं पोर्ट वळवण्यापेक्षा नाकारलेलं बरं.

डेटाबेस आणि रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटासाठ्याची पोर्ट, म्हणजे ३३०६, ५४३२, २७०१७, ६३७९, बाहेरून बंद हवीत. घरच्या इंटरनेटवरून किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तपासा. ऑफिसचा आयपी फायरवॉलमध्ये आधीच मोकळा ठेवलेला असतो, त्यामुळे ऑफिसातून केलेली तपासणी फसवते.

३. समोरचा कोण आहे

आपल्याकडे मोबाइल नंबर आणि ओटीपी हेच लॉगिन झालं आहे, म्हणून आधी त्याचंच गणित मांडू. चार आकडी ओटीपीच्या १०,००० शक्यता असतात. स्क्रिप्टनं सेकंदाला ५० प्रयत्न केले तर सगळ्या शक्यता २०० सेकंदांत संपतात. चहा गार व्हायच्या आत. सहा आकड्यांच्या १० लाख शक्यता असतात. पाच मिनिटांच्या मुदतीत त्याच वेगानं १५,००० प्रयत्न होतात, म्हणजे दर ओटीपीमागे दीड टक्का संधी. नवा ओटीपी मागत राहिलं की कधी ना कधी नंबर लागतोच. म्हणजे आकडे वाढवून भागत नाही, प्रयत्न मोजावे लागतात. पाच चुका झाल्या की तो ओटीपी रद्द करा. बरोबर वापरला गेला की तोही रद्द करा. प्रयत्नांचा हिशेब नंबराशी बांधा, आयपीशी नाही, कारण आयपी बदलणं स्वस्त आहे.

आता तीन गोष्टी सांगते, ज्या मी स्वतःच्या कोडमध्ये नाही तर ओळखीच्यांच्या कोडमध्ये पाहिल्या आहेत. खरं सांगायचं तर पहिली आमच्याकडेही होती. ओटीपी पाठवल्याच्या रिस्पॉन्समध्येच तो ओटीपी परत येणं. डेव्हलपरनं टेस्टिंगसाठी टाकलेलं ते फील्ड काढायचं राहून जातं. दुसरी, कोणत्याही नंबरासाठी चालणारा १२३४ हा मास्टर ओटीपी प्रॉडक्शनमध्ये उरणं. तिसरी, ओटीपी बरोबर की चूक हे सर्व्हरनं फक्त 'खरं' किंवा 'खोटं' असं कळवणं आणि पुढचा निर्णय अ‍ॅपनं घेणं. ज्याच्या हातात फोन आहे तो रिस्पॉन्स वाटेत बदलून 'खोटं'चं 'खरं' करू शकतो. ओटीपी बरोबर असेल तरच सर्व्हरनं टोकन द्यावं आणि टोकनाशिवाय पुढचं काहीच चालू नये.

टोकन जेडब्ल्यूटी (सर्व्हरची सही असलेलं टोकन) असेल तर त्याचा मधला भाग फक्त बेस६४ मध्ये लिहिलेला असतो, तो कुणीही वाचू शकतो. पत्ता, जन्मतारीख असलं काही त्यात भरू नका. सही तपासताना अल्गोरिदम कोणता हे टोकनाला विचारू नका, सर्व्हरच्या कोडमध्ये पक्का करा. २०१५ मध्ये अनेक लायब्रऱ्यांत हाच घोळ सापडला होता: टोकनाच्या हेडरमध्ये अल्गोरिदम 'नन' असा लिहिला की सही न तपासताच टोकन खरं मानलं जायचं. मुदत, कुणी दिलं आणि कुणासाठी दिलं, हे तिन्ही तपासा. अ‍ॅक्सेस टोकनाचं, म्हणजे दर रिक्वेस्टीसोबत जाणाऱ्या पासाचं, आयुष्य १५ मिनिटांच्या आसपास ठेवा. रिफ्रेश टोकन (नवं अ‍ॅक्सेस टोकन मिळवून देणारं) दर वापराला बदला आणि आधीच वापरलेलं रिफ्रेश टोकन पुन्हा आलं तर त्या युझरची सगळी सेशन बंद करा. ते टोकन चोरीला गेलेलं असायची शक्यता दाट असते.

पासवर्ड ठेवत असाल तर आर्गॉन२आयडी किंवा बीक्रिप्टनं हॅश करून, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा करून, ठेवा. एमडी५ ही जुनी, कमकुवत पद्धत अजून कुठं असेल तर हा लेख इथंच थांबवून आधी ते बदला.

४. त्याचा यावर हक्क आहे का

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. कळमना मार्केटच्या गेटवर पास दाखवून आत गेलेला माणूस कोणत्याही अडत्याच्या गाळ्यातली पेटी उचलून चालू लागला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. आपली एपीआयं मात्र हेच चालू देतात. टोकन खरं आहे ना, मग घे कोणतीही ऑर्डर. ओवास्प ही संस्था एपीआयच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. २०१९ ची पहिली यादी घ्या की २०२३ ची सुधारलेली, पहिल्या नंबरावर हाच दोष आहे: माणूस ओळखला, पण वस्तू त्याची आहे का हे पाहिलं नाही.

आमच्याकडे तो बिलाच्या पीडीएफमध्ये होता. बिलाचा नंबर ४८२७ असेल तर ४८२८ टाकल्यावर दुसऱ्याचं बिल यायचं. घरचा पत्ता, फोन नंबर, किती पेट्या घेतल्या, सगळं. ऑर्डरच्या एंडपॉइंटवर तपासणी होती. बिल मात्र नंतर घाईत जोडलं होतं. दार बंद, पण खिडकी उघडी.

दुरुस्ती डेटाबेसच्या प्रश्नातच करा. '४८२७ नंबरची ऑर्डर दे' असं विचारून मग मालक जुळतो का ते पाहणं, यात दुसरी पायरी कुणीतरी कधीतरी विसरतोच. 'नंबर ४८२७ आणि मालक ११२ असलेली ऑर्डर दे' असंच विचारा. मालकाचा आकडा तपासलेल्या टोकनातून घ्या, रिक्वेस्टमध्ये आलेला युझर आयडी कधीही वापरू नका. सापडली नाही तर ४०४ ('सापडलं नाही' हा कोड) द्या. ४०३ ('परवानगी नाही') दिलं की 'आहे, पण तुझी नाही' एवढी खबर फुकटात जाते.

"ताई, आपण आयडी यूयूआयडी करून टाकू ना, मग कोण ओळखणार?" हा आमच्या ज्युनियरचा उपाय. चांगला आहे, जरूर करा. यूयूआयडी म्हणजे लांबलचक ओळखक्रमांक; त्याच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट यादृच्छिक असतात, अंदाजानं तो सापडत नाही. पण तो व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड होतो, लॉगमध्ये पडतो, दुसऱ्याच एखाद्या एंडपॉइंटच्या रिस्पॉन्समध्ये निघतो. पत्ता लपवला म्हणून घराला कुलूप लागत नाही.

तपासायची रीत साधी आहे, पण चिकाटी लागते. दोन खाती उघडा, अ आणि ब. अ च्या खात्यात ऑर्डर, पत्ता, तक्रार, बिल असं सगळं तयार करा. मग ब च्या टोकनानं अ च्या प्रत्येक वस्तूवर प्रत्येक क्रिया करून पाहा: वाचणं, बदलणं, रद्द करणं, पीडीएफ उतरवणं, फोटो पाहणं. मग टोकनच न देता तेच सगळं पुन्हा. वाचताना अडवलं आणि रद्द करताना सोडलं, असं हमखास सापडतं. आम्हाला ४७ पैकी सहा ठिकाणी सापडलं. मग हीच यादी आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये घाला आणि नवा एंडपॉइंट टेस्टशिवाय मर्ज करू नका. एकदा हातानं तपासून सोडलं तर सहा महिन्यांत सगळं पहिल्यासारखं होतं.

याचीच भावकी म्हणजे अ‍ॅडमिनची कामं. अ‍ॅडमिनचा मेनू साध्या युझरला दिसत नाही, पण त्यामागचा एंडपॉइंट त्याच्या टोकनाला उत्तर देतो का ते बघा. नवा राउट लिहिला की तो आपोआप बंदच असावा आणि कुणाला मोकळा करायचा ते लिहावं लागावं, अशी मांडणी ठेवा. नेमकं उलट केलं की विसरभोळेपणाची किंमत गिऱ्हाईक मोजतं. पेट्यांचे फोटो नि बिलं क्लाउड स्टोरेजवर असतील तर ती सार्वजनिक ठेवू नका, थोड्या मिनिटांची मुदत असलेली सही केलेली लिंक द्या.

कॉर्सबद्दल जाता जाता. 'आमचं एपीआय फक्त आमच्या डोमेनवरून चालतं, कॉर्स लावलंय' हे मी इंटरव्ह्यूमध्ये कितीदा ऐकलं असेल! कॉर्स, म्हणजे कोणत्या वेबसाइटवरचं पान उत्तर वाचू शकतं हे ठरवणं, हा ब्राउझरनं पाळायचा नियम आहे. स्क्रिप्टला त्याचं काही पडलेलं नसतं.

५. काय आत घेता, काय बाहेर देता

रिक्वेस्टमध्ये आलेला सगळा जेसन (फील्डांची नावं आणि त्यांतली माहिती असा मजकूर) जसाच्या तसा मॉडेलमध्ये ओतायची सोय फ्रेमवर्क देतात. प्रोफाइलमध्ये नाव बदलताना कुणी सोबत 'भूमिका: अ‍ॅडमिन' असं फील्ड पाठवलं तर? मार्च २०१२ मध्ये खुद्द गिटहबवर याच प्रकारच्या दोषातून एका डेव्हलपरनं रेल्स या फ्रेमवर्कच्या रिपॉझिटरीत (कोडसाठ्यात) लिहायचा हक्क मिळवून दाखवला होता. कोणती फील्ड घ्यायची त्यांची यादी ठेवा, बाकीची टाकून द्या.

किंमत तर अ‍ॅपकडून घेऊच नका. अ‍ॅपनं फक्त 'माल कोणता आणि किती' एवढं सांगावं, हिशेब सर्व्हरनं करावा. नग पूर्ण आकड्यातच, शून्याहून जास्त आणि ठरलेल्या कमाल संख्येइतके. उणे दोन पेट्या मागवून बिल कमी करणारे महाभाग असतात. कूपनाचं वेगळंच दुखणं. एकाच क्षणी दहा रिक्वेस्टी आल्या तर दहाही जणींना 'कूपन वापरलेलं नाही' असं दिसतं आणि दहांनाही सूट मिळते. आधी वाचून मग लिहिण्यापेक्षा 'न वापरलेलं असेल तरच वापरलेलं कर' असा एकच अपडेट चालवा आणि एक ओळ बदलली की शून्य, ते पाहा.

एसक्यूएलमध्ये शब्द जोडून क्वेरी बनवू नका, पॅरामीटर वापरा. हे पंचवीस वर्षं सांगितलं जातंय, तेव्हा पुढे जाऊ. फक्त सॉर्ट करायचं कॉलमचं नाव पॅरामीटरमधून जात नाही, त्यासाठी ठरलेल्या नावांची यादी लागते. बहुतेकांचा पाय तिथंच घसरतो.

बाहेर जाणाऱ्या माहितीचंही तसंच. डिलिव्हरीवाल्याच्या पडद्यावर गिऱ्हाइकाचं फक्त नाव दिसत होतं, पण रिस्पॉन्समध्ये डेटाबेसची पूर्ण ओळ जात होती: ईमेल, जुने पत्ते, पासवर्डचा हॅशसुद्धा. पडद्यावर दिसत नाही म्हणजे गेलं नाही, असं नसतं. प्रत्येक रिस्पॉन्ससाठी फील्ड हातानं निवडा. एका पानावर किती ओळी द्यायच्या याला सर्व्हरवर कमाल मर्यादा हवी, नाहीतर कुणी 'दहा लाख दे' म्हणतो आणि सर्व्हर द्यायला बसतो. रिक्वेस्टच्या बॉडीच्या, म्हणजे आतल्या मजकुराच्या, आकारालाही मर्यादा ठेवा. एरर आली तर बाहेर एक साधं वाक्य आणि रिक्वेस्टचा क्रमांक द्या, स्टॅक ट्रेस (चूक कोडात कुठं झाली त्याचा माग) आपल्या लॉगमध्ये.

६. किती वेळा

आता त्या रविवारच्या मूळ दुखण्यावर. आपल्याकडे बहुतेक जण आयपीवर मर्यादा लावून मोकळे होतात. दोन्ही बाजूंनी ती फसते. मोबाइल कंपन्या कितीतरी गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतात; कॉलेजच्या हॉस्टेलचं वायफायही एकाच आयपीनं बाहेर पडतं. मर्यादा कडक केली की हॉस्टेलवरची पोरं एकमेकांच्या पायी अडकतात. उलट हल्ला करणारा शेकडो आयपी भाड्यानं घेऊन बसलेला असतो.

म्हणून थर लावा. ओटीपीसाठी आमचे आकडे असे: एका नंबराला मिनिटाला एक, तासाला पाच, दिवसाला दहा. आयपीला त्याहून बरीच सैल मर्यादा. सगळ्यांच्या वर पूर्ण यंत्रणेची एक कमाल: तासाला जास्तीत जास्त किती एसएमएस जाऊ शकतात. नेहमीच्या सर्वांत गर्दीच्या तासाच्या तिप्पट आकडा आम्ही धरला. तो ओलांडला की पाठवणं थांबतं आणि माझा फोन वाजतो. आमची डिलिव्हरी भारतातच होते, म्हणून +९१ सोडून बाकीचे नंबर पहिल्याच ओळीत नाकारतो. परदेशी नंबरांवर महागडे एसएमएस पाठवायला लावून त्यातला वाटा खाणं हा एक चालू धंदा आहे, त्याला एवढ्यानंच आळा बसतो.

मोजणी रेडिसमध्ये ठेवा, सर्व्हरच्या मेमरीत नाही. चार सर्व्हर असतील तर मेमरीतली मर्यादा आपोआप चौपट होते. वाढवणं आणि मुदत लावणं या दोन्ही गोष्टी एका दमात, रेडिसमध्येच चालणाऱ्या लुआ स्क्रिप्टनं करा. मधेच प्रोसेस मेली तर मुदत लागायची राहते आणि तो नंबर कायमचा अडकतो. मर्यादा ओलांडली तर ४२९ ('फार रिक्वेस्टी झाल्या') द्या आणि किती सेकंदांनी परत यायचं ते 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये सांगा. अ‍ॅपनंही ते ऐकलं पाहिजे, नाहीतर आपलंच अ‍ॅप पुन्हा पुन्हा ठोठावत बसतं.

आयपी घ्यायचा कुठून, यातही गंमत आहे. 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हे मूळ आयपी सांगणारं हेडर कुणीही हवं ते लिहून पाठवू शकतं. त्यातला पहिला पत्ता डोळे मिटून खरा मानला तर हल्ला करणारा दर रिक्वेस्टीला नवा आयपी लिहितो आणि तुमची मर्यादा कागदावर राहते. आपल्या लोड बॅलन्सरनं (रिक्वेस्टी सर्व्हरांत वाटून देणाऱ्यानं) स्वतः जोडलेला पत्ताच धरा. बाकीचं बाद.

लॉगिन, ओटीपी, पासवर्ड बदलणं, कूपन तपासणं आणि शोध, या पाच ठिकाणी वेगळ्या कडक मर्यादा लावा. उरलेल्यांना टोकन बकेट पद्धतीची एक सर्वसाधारण मर्यादा पुरते: थोडा वेळ जोर चालतो, सतत चालत नाही.

७. किल्ल्या, आणि दुसऱ्यांचे एपीआय

अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये लपवलेली किल्ली (दुसऱ्या सेवेत शिरायचा गुप्त कोड) ही लपलेली नसते. एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, उलगडून आतले शब्द वाचायला जॅडएक्ससारखं फुकटचं साधन पुरतं. एसएमएस गेटवेची किंवा पेमेंटची गुप्त किल्ली अ‍ॅपमध्ये असेल तर आजच ती बदला आणि ते काम सर्व्हरकडे घ्या. नकाशाची किल्ली अ‍ॅपमध्ये ठेवावीच लागते, तिला पॅकेजचं नाव आणि सहीचं बंधन घाला. गिटमध्ये (कोडच्या बदलांच्या नोंदवहीत) गेलेली किल्ली पुढच्या कमिटमध्ये काढली तरी इतिहासात राहते. ती पुसत बसू नका, आधी नवी किल्ली घ्या. पुसण्याचं नंतर बघता येईल.

पेमेंट झाल्याचं अ‍ॅपनं सांगितलं म्हणून माल पाठवू नका. रेझरपेसारखी गेटवे वेबहुकसोबत (पेमेंटची खबर थेट सर्व्हरला देणाऱ्या रिक्वेस्टीसोबत) एचएमएसी-एसएचए२५६ ची सही पाठवतात. ती आलेल्या मूळ बॉडीवर तपासायची असते. आधी जेसन उलगडून मग पुन्हा बांधलं तर एका स्पेसच्या फरकानंही सही जुळत नाही, आणि मग वैतागलेला डेव्हलपर तपासणीच बंद करून टाकतो. तुलना करायला भाषेत दिलेलं स्थिर वेळ घेणारं फंक्शन वापरा. एकच वेबहुक दोनदा येऊ शकतो, म्हणून त्याचा आयडी युनिक ठेवा, नाहीतर एका पेमेंटवर दोन पेट्या जातात. आणि रक्कम जुळते का तेही पाहा, नुसतं 'यशस्वी' वाचून थांबू नका.

'फोटोची लिंक द्या, आम्ही उतरवून घेतो' असली सोय देत असाल तर सावध. लिंक म्हणून कुणी १६९.२५४.१६९.२५४ हा क्लाउडच्या आतल्या मेटाडेटा सेवेचा पत्ता दिला तर क्लाउडमधला तुमचाच सर्व्हर स्वतःच्या तात्पुरत्या किल्ल्या वाचून आणून देऊ शकतो. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेतून दहा कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली, त्यात याच पद्धतीचा हात होता. अशी सोय ठेवू नये, हे माझं मत. ठेवायचीच तर ठरावीक डोमेनची यादी करा, डोमेनचं नाव सोडवल्यावर आलेला आयपी खासगी नाही ना ते तपासा, रिडायरेक्ट बंद ठेवा आणि एडब्ल्यूएसवर असाल तर त्या मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती सक्तीची करा.

८. लॉग, आणि झालंच तर

त्या रविवारी आमच्याकडे लॉग होते, पण कोणत्या नंबरासाठी किती रिक्वेस्टी आल्या हे कळायला दुपार झाली. आता प्रत्येक ओळीत वेळ, रिक्वेस्ट क्रमांक, युझर, एंडपॉइंट, उत्तराचा कोड आणि आयपी असतो. टोकन, ओटीपी, पासवर्ड, पूर्ण बॉडी यांतलं काहीही लॉगमध्ये जाता कामा नये. लॉग हाही डेटाच, तोही चोरीला जातो.

सूचना मोजक्याच लावा, नाहीतर आठवड्याभरात सगळे म्यूट करतात. आमच्याकडे चार आहेत. ४०१ ('ओळख पटली नाही') अचानक वाढणं. एकाच युझरला खूप ४०४ मिळणं, म्हणजे कुणीतरी नंबर बदलून बघतंय. ५०० (सर्व्हरची स्वतःची चूक) वाढणं. आणि माझा लाडका आकडा: पाठवलेले ओटीपी आणि खरे वापरलेले ओटीपी यांचं गुणोत्तर. चांगल्या दिवशी बहुतेक ओटीपी वापरले जातात. ते प्रमाण कोसळलं की माणसं नाहीत, स्क्रिप्ट आली आहे. हा एक आकडा आधी असता तर त्या दिवशी मला पहाटे नाही, शनिवारी रात्री अकरालाच कळलं असतं.

कायद्याचंही बघावं लागतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सहा तासांत काय लिहायचं हे त्या गोंधळात सुचत नाही. कुणाला फोन, कोणती किल्ली कुठून बदलायची, सगळी सेशन एका कमांडनं कशी बंद करायची, हे एका कागदावर आधीच लिहून भिंतीला लावा. कागद म्हणते ते मुद्दाम. सर्व्हरच बंद असेल तर सर्व्हरवरची विकी काय कामाची?

९. स्वतःच हल्ला करून बघा

महिन्यातला एक शनिवार आम्ही यासाठी ठेवला आहे. सकाळी तर्री पोहे, मग बर्प सूट किंवा झॅप लावून आपल्याच अ‍ॅपची वाहतूक मधे पकडायची आणि प्रत्येक रिक्वेस्ट बिघडवून पाठवायची: टोकन काढून, दुसऱ्याचं टोकन लावून, आयडी बदलून, आकडा उणे करून, जास्तीचं फील्ड घालून, एकच रिक्वेस्ट वीसदा एकदम पाठवून. ज्यानं कोड लिहिला त्यानं तो तपासायचा नाही, अदलाबदल करायची. जे सापडेल त्याची टेस्ट त्याच दिवशी लिहायची. स्वयंचलित स्कॅनर जुन्या लायब्रऱ्या आणि चुकलेली हेडरं चांगली पकडतो, पण ४८२८ नंबरचं बिल दुसऱ्याचं आहे हे त्याला कळत नाही. ते माणसालाच बघावं लागतं.

हे फक्त आपल्या किंवा लेखी परवानगी मिळालेल्या सर्व्हरवर करायचं. दुसऱ्याच्या अ‍ॅपवर 'सहज बघत होतो' म्हणणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागू होऊ शकतात, आणि ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कॉलेजातल्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते.

आणि हो, तपासणी स्टेजिंगवर करताना एसएमएस गेटवे खोटा लावा. पहिल्या शनिवारी आम्ही ते विसरलो. मर्यादा लागते का हे बघायला स्क्रिप्ट चालवली, मर्यादा दहाव्या एसएमएसला बरोबर लागली, आणि ज्याचा नंबर टाकला होता त्या आमच्या ज्युनियरला दिवसभर स्वतःच्याच अ‍ॅपमध्ये लॉगिन करता आलं नाही.